रक्ताचा बोजारा

"मानसाले पकडून आनून त्याचं रक्त तपासता येते का, बाई?"

हा प्रश्न मला काकीनं धानगिरणीच्या ओट्यावर विचारला, तोही आजूबाजूला कोणी नाही ना, हे दोनदा पाहून. मी शिकवलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. तपासणी ज्याची त्यानं आपल्या मर्जीनं करायची असते, कोणावर जबरदस्ती करता येत नाही, कोणाचा निकाल कोणाला सांगता येत नाही. काकीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तुमचा उपयोग काय?"

मी तेव्हा एका संस्थेत नोकरीला होते. सडक अर्जुनी आणि सौंदड यांच्या मधली पाच गावं माझ्याकडे होती. गावांत मोबाईल नुकतेच यायला लागले होते, आणि रेंज शोधायला माणसं पाण्याच्या टाकीवर चढत असत, ते दिवस. माझं काम असं की शेतमजुरांना, त्यातही हिवाळ्यात आंध्रात मिरची तोडायला जाणाऱ्यांना, एड्स कशानं होतो, कशानं होत नाही, निरोध कसा वापरायचा आणि रक्त कुठं तपासायचं, हे समजावून सांगायचं. मी गोंदिया शहरात वाढलेली, अर्धं हिंदी बोलणारी, तोंडाची फटकळ आणि बिनलग्नाची. मुलाखतीला आलेल्या मुलींपैकी 'निरोध' हा शब्द न अडखळता उच्चारणारी मी एकटीच होते. त्यापलीकडे माझ्यात काही गुण होते असं मला आजही वाटत नाही.

काकी चाळिशीची, सगळं गाव तिला काकीच म्हणायचं. भाताची रोवणी करणाऱ्या बायकांच्या टोळीची पुढारीण. कोणाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आधी रोवायची, कोणाची नंतर, कोणत्या मालकाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही, हे सगळं ती ठरवायची. तिचा आवाज तीन बांध्या पलीकडे जायचा. त्या दिवशी ओट्यावर मात्र ती इतकं हळू बोलत होती की मला गिरणीच्या आवाजात कान पुढे करावा लागला.

तिचा नवरा दोन हिवाळे मिरचीला जाऊन आला होता. यंदा होळीला परतला तो तापानं फणफणलेला आणि निम्मा होऊन. तिकडच्या मुक्कामावरचे पुरुष कुठं कुठं जात होते, ते तिला दुसऱ्या एका मजुराच्या बायकोकडून कळलं होतं. तिनं नवऱ्याला विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून निजला. त्या पाठीतून तिला जे समजायचं ते समजलं.

"तवापासून मी सासूजवळ झोपून राहिली," काकी म्हणाली. "सासूले वाटते, सुनेचा माह्यावर लय जीव हाये. साऱ्या गावाले सांगत फिरते."

तिला एवढंच कळायला हवं होतं की नवऱ्याला तो रोग आहे का आणि आपल्याला आहे का. नवरा दवाखान्याचं नाव काढलं की घराबाहेर पडायचा. आणि टोळीला नुसता वास लागला असता तरी काकीचं पुढारपण संपलं असतं. एका बांधीत सगळ्याजणींचे हात दिवसभर एकाच पाण्यात असतात. पाण्यातून रोग होत नाही, हे मी घसा फोडून सांगितलं होतं. पण मी सांगितलेलं आणि त्यांनी मानलेलं यात बरंच अंतर होतं.

मी तिला सल्ला दिला, नवऱ्याला प्रेमानं समजावून सांगा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की लग्न न झाल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

रोवणी सुरू झाली आणि माझं नशीब उघडलं. संस्थेनं मला निळ्या रंगाच्या लाकडी पेट्या दिल्या होत्या. एक पानठेल्याजवळ, एक गिरणीजवळ, अशा टांगायच्या, त्यात निरोध भरून ठेवायचे, ज्याला हवे त्यानं कोणाला न विचारता घ्यायचे. उन्हाळाभर त्या पेट्यांत कोळ्यांनी संसार थाटले होते. आता मी सोमवारी भरावी तर गुरुवारी पेटी रिकामी. पाचही गावांत तेच. मला आभाळ ठेंगणं झालं. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी मला उभं करून विचारलं, हे कसं साधलं? मी म्हणाले, "सातत्य, सर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कंबर मोडेस्तोवर वाकून रोवणी करणारी माणसं नेमकी याच महिन्यात एवढी रंगात कशी आली, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. टाळ्या वाजत असल्या की माझं डोकं तसंही कमीच चालतं.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या वेळी मी टोळीला भेटायला शेतावर गेले. बायका बांधावर बसून डबे सोडत होत्या. एकीनं मला बसायला जागा करून देताना हात पुढे केला आणि मी पाहतच राहिले. तिचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं निरोधात होती. बुडाशी दोरा बांधलेला. मी दुसरीचा हात पाहिला. तिसरीचा पाहिला. संपूर्ण टोळी माझ्या सातत्यात बोटं घालून बसली होती.

रोवणीत पऱ्हे, म्हणजे भाताची कोवळी रोपं, एकेक करून बोटांनी चिखलात दाबायची असतात. दिवसभर पाण्यात आणि चिखलात राहून नखांजवळची कातडी सडते. चौथ्या दिवशी भाताचा घास धरताना डोळ्यांत पाणी येतं. या बायकांनी निरोध साबणानं धुतले, निसटू नयेत म्हणून वरून राख चोळली आणि दोऱ्यानं बांधले. बोटं शाबूत राहिली आणि युक्ती पाचही गावांत पसरली. कल्पना कोणाची, हे कोणीच कबूल केलं नाही, पण सगळ्या काकीकडे बघत होत्या.

मी बांधावर उभी राहून यथेच्छ तोंड सोडलं. सरकारी माल आहे, मी उन्हातान्हात गाडी ढकलत आणते, तीन-तीनदा समजावून सांगितलं, तुम्हाला एवढंही समजलं नाही का, असं बरंच काही. सगळ्यात म्हातारी बाई तंबाखू मळत ऐकत होती. माझा दम संपल्यावर ती म्हणाली, "समजलं होतं ना, बाई. पन बोट तं आमचं दररोज पान्यात जाते. बाकीच्याची गरज होरीले नाई तं दिवारीले."

बायका अशा हसल्या की एक चिखलात बसली. मी रागानं पाय आपटत निघाले आणि पाय चिखलात रुतला, चप्पल आतच राहिली. तीही त्यांनीच काढून दिली. तालुक्याला मी यातलं काही कळवलं नाही. कारण सांगते : लाज वाटली. टाळ्या परत करायची पद्धत कुठं असते?

काकी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. "तुमी बोटाचा राग धरून राहिल्या," ती म्हणाली. "माह्या घरचं काय ते बोला. बुधवारी तुमचं शिबिर हाये ना, समाजमंदिरात?"

होतं. महिन्यातून एकदा तपासणीचं शिबिर असायचं आणि महिन्यातून एकदा ते रिकामं जायचं. एक म्हातारा तेवढा नेमानं यायचा, कारण फुकट आहे आणि घरी करमत नाही. समुपदेशक म्हणून एक तरुण सर यायचे, पुण्याकडचे. ते फार हळू आणि फार शुद्ध बोलत. 'असुरक्षित लैंगिक संबंध' असं म्हणाले की लोक अदबीनं "हो जी" म्हणत आणि तो नवा सरकारी फॉर्म असावा असं समजून घरी जात. मी त्यांना मनातल्या मनात मऊ भात म्हणत असे.

"त्याच दिवशी आमचा बोजारा हाये," काकी म्हणाली आणि परत फिरली. मला त्यातून काही अर्थबोध झाला नाही.

एका मालकाची रोवणी पूर्ण झाली की शेवटच्या दिवशी बायका बोजारा मागतात. मालक तर देतोच, पण रस्त्यानं जाईल त्यालाही अडवतात. दिलं तर वाट मोकळी, नाही दिलं तर गालाला चिखल. त्या दिवशी कोणी रागवायचं नसतं. मास्तर, तलाठी, एसटीचा कंडक्टर, कोणाचीच सुटका नाही. बुधवारी मी समाजमंदिरात फॉर्म लावत बसले असताना रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. टोळी कोपरापर्यंत चिखलानं माखून रस्ता अडवून उभी होती आणि मध्ये काकी भाषण करत होती.

"मॅडमचं शिबिर दर महिन्याले खाली रायते. असंच चाललं तं मॅडमची नोकरी जाते. घरी म्हातारे मायबाप हायेत बिचारीले. यंदा बोजारा पैशाचा नोको. रक्ताचा घ्या."

माझे आईवडील पन्नाशीचे होते आणि दोघंही कमावते होते. मला बिचारी केलेलं मला अजिबात आवडलं नाही. मी काकीला बाजूला ओढलं आणि म्हणाले, असं पकडून आणणं नियमात बसत नाही.

"नियम तुमचे," काकी म्हणाली. "रस्ता आमचा."

मग मला उमगलं. टोळी माझी नोकरी वाचवत होती आणि काकी एकाच माणसासाठी सगळ्या गावाला पकडत होती. हे आम्हा दोघींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. मी जीभ चावली आणि गप्प राहिले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत.

पहिला ट्रॅक्टरवाला सापडला. मग मालकाचा भाऊ. मग एक गृहस्थ पांढरा पायजमा घालून सासुरवाडीला निघाले होते. त्यांनी खिशातून नोट काढली, तर बायकांनी ती परत त्यांच्याच खिशात कोंबली आणि पायजमा चिखलाचा केला. काकीचा नवरा सकाळपासून त्याच शेतात पऱ्ह्याच्या पेंड्या फेकत होता. रस्त्यावर काय चाललंय ते पाहून त्यानं पेंड्या टाकल्या आणि नहराच्या पाळीनं, कालव्याच्या कडेकडेनं, पळ काढला. टोळीतल्या दोन तरण्या पोरी खेळ समजून त्याच्यामागे धावल्या आणि दोन्ही हात धरून त्याला घेऊन आल्या. काकी त्याच्यामागे गेली नाही. ती रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी होती. तिनं डबक्यात हात धुतले, आणि मग परत त्यांना चिखल लावला.

समाजमंदिरातल्या बाकावर पुरुष ओळीनं बसले. प्रत्येकाचे फक्त डोळे दिसत होते. नेमानं येणारा म्हातारा कोरडा होता, त्याला मध्ये बसवल्यामुळे तोही माखला. सरांनी पहिला फॉर्म पुढे ओढला आणि ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "आपण स्वेच्छेनं आलात का?"

"म्हंजे कसं जी?"

"म्हणजे कुणी जबरदस्ती केली नाही ना?"

ट्रॅक्टरवाल्यानं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत सात-आठ चिखलाचे चेहरे होते.

"नाई जी," तो म्हणाला. "आपल्याच मनानं आलो."

सरांनी पेन खाली ठेवलं. उठले, खिडकी लावली, बाहेर आले आणि बायकांना त्यांच्या त्या शुद्ध भाषेत दोन मिनिटं काहीतरी ऐकवलं. त्यातलं कोणालाच काही कळलं नाही, पण सूर शाळेतल्या मास्तरांचा होता, त्यामुळे सगळ्या मागे सरल्या. मग सर आत गेले आणि पुरुषांना म्हणाले, "एकेकानं आतल्या खोलीत या. मागचं दार उघडं आहे. ज्याला तपासायचं नाही त्यानं तिथून जावं. कोणी तपासलं आणि कोणी नाही, हे मी कोणालाही सांगणार नाही. मॅडमनाही नाही."

मऊ भाताला एवढा कणा असेल असं मला वाटलं नव्हतं. मला त्यांचं म्हणणं पटलं आणि राग पण आला, कारण मागच्या दारापाशी नेमकी मीच उभी होते. पहिला माणूस दारातून बाहेर आला, मला पाहिलं आणि "लघवीले आलतो" म्हणून परत आत गेला. दुसऱ्यालाही तेच झालं. तेव्हा सर स्वतः आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या आंब्याखाली जाऊन बसा बरं." मी फणकाऱ्यानं जाऊन बसले. ते बरोबर होते, हे मी त्यांना पुढे कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

थोड्या वेळानं काकी येऊन माझ्याशेजारी बसली. आंब्याखालून ना पुढचं दार दिसत होतं, ना मागचं.

"पळून गेला असन का?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, काकी."

मला भीती वाटत होती. तो पळाला असता तर ती आयुष्यभर सासूशेजारी अंथरूण टाकत राहिली असती आणि काहीच न कळता जगली असती. ती बोटांवरचा वाळलेला चिखल खरवडत बसली. मीही तिला मदत करू लागले.

बऱ्याच वेळानं तो समोर येऊन उभा राहिला. चेहऱ्यावरचा चिखल वाळून भेगाळला होता आणि दंडावर कापसाचा बोळा चिकटवला होता. माझ्याकडे न पाहता तो बायकोला म्हणाला, "सरानं तुले बी बोलावलं हाये. भिऊ नोको, सुई लहान हाये."

काकी आत गेली. टोळीनं ते पाहिलं आणि त्याचा वेगळाच अर्थ लावला : मॅडमच्या नोकरीसाठी काकी स्वतः सुई टोचून घेते आहे, मग आपण मागे कशा राहायचं? बायकांची रांग लागली. फॉर्म संपले. सरांनी शाळेतून कोरे कागद मागवले. सासुरवाडीला निघालेले गृहस्थ आपलं झाल्यावर घरी गेले आणि बायकोलाही घेऊन आले. दिवस मावळेस्तोवर शिबिर चाललं.

निकाल तालुक्याच्या दवाखान्यात ज्याचा त्याला मिळणार होता. काकी आणि तिचा नवरा सासूला खताचं कारण सांगून गेले. दुपारी मी तिला बसस्टॉपवरच्या टपरीवर भेटले. नवरा लांब दगडावर बसून बिडी ओढत होता. काकीनं चहा बशीत ओतला आणि म्हणाली, "त्याले हाये. मले नाई."

मला रडू कोसळलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना धीर कसा द्यावा हे शिकवत फिरणारी मी, टपरीवर हमसून हमसून रडले. काकी वैतागली. "तुमी काऊन रडून राहिल्या, बाई? लोकाईले वाटन, तुमालेच हाये."

मग तिनं सांगितलं, नवऱ्यानं आत सरांना एकच गोष्ट विचारली होती : मला असेल तर तिलाही असेल का? तिनं सासूकडे अंथरूण नेलं तेव्हाच त्यालाही कळून चुकलं होतं, आणि तो रोज तिची तब्येत बघत होता, तिला खोकला आला की जेवत नव्हता. दोघंही चार महिने एकमेकांवर चोरून नजर ठेवत होते. आता त्याला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं, गोळ्यांसाठी. तिला आणखी काही महिन्यांनी एकदा तपासायचं होतं. आणि पेटीतला माल कशासाठी असतो, ते सरांनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं होतं. "तुमच्याहून चांगलं सांगते तो," काकी म्हणाली. मी तेही सहन केलं.

"टोळीला काय सांगणार?" मी विचारलं.

"तोच म्हनला, सांगून टाक. नाई तं कोनाशी भांडली का तूच बकशीन."

दुसऱ्या दिवशी नवीन मालकाची बांधी सुरू होणार होती. मी भल्या सकाळी जाऊन बांधावर उभी राहिले. बायका ओळीनं पाण्यात उतरल्या, वाकल्या. काकी मात्र वाकली नाही.

"आयका," ती म्हणाली. तिचा नेहमीचा, तीन बांध्या पलीकडे जाणारा आवाज. "माह्या घरच्याले तो रोग हाये. मिरचीतून आनला. मले नाई, कागद हाये माह्याजवळ. पान्यातून होत नाई, मॅडम बोंबलून सांगून राहिली, ते खरं हाये. तरी ज्याले माह्या बाजूले रोवाचं नसन, तिनं आताच बांधावर जावं. मी राग नाई धरनार."

कोणीच हललं नाही. कोणी वर पण पाहिलं नाही. आणि मग ती तंबाखूवाली म्हातारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि चिखल तुडवत बांधाकडे चालू लागली. मला इतका संताप आला की तिला पाण्यात ढकलावं असं वाटलं. काकी तिच्या पाठीकडे बघत होती. तिचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता, दवाखान्यातून आली तेव्हाही नाही.

म्हातारीनं बांधावरच्या ढिगातून पऱ्ह्याच्या दोन पेंड्या उचलल्या. तशीच चिखल तुडवत परत आली, एक पेंडी काकीच्या पुढ्यात टाकली आणि तिच्या अंगाला अंग लागेल इतकी जवळ वाकली.

"माह्याजवळ पऱ्हेच नोते," ती म्हणाली. "तू उभी काऊन हायेस? पात धर."